सायकॉलॉजी रिसर्चसाठी स्टॅटिस्टिक्स शिकायचं तर नेमकी सुरुवात कुठून करू?

झोपाळू_संशोधक

नमस्कार मंडळी, एरवी इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तेव्हा सांभाळून घ्या. मी एमए सायकॉलॉजी करतेय, गणित दहावीनंतर सुटलं ते सुटलंच, आणि आता डेझर्टेशन डोक्यावर आलंय. विषय तसा साधा आहे, झोपेची क्वालिटी आणि परीक्षेची धास्ती यांचा संबंध. झोपेसाठी पिट्सबर्गवाली स्केल घेतलीय, तिचा स्कोअर ० ते २१ असतो आणि जितका जास्त तितकी झोप वाईट. धास्तीसाठी २० प्रश्नांची, १ ते ४ उत्तरांची स्केल आहे.

अडचण अशी की स्टॅटचा पेपर मी पास झालेय, मार्कही बरे पडले, पण येत काहीच नाही. टी-टेस्टचं (दोन ग्रुपच्या सरासरीतला फरक तपासायची टेस्ट) सूत्र पाठ आहे, टेबलात बघून 'फरक नाही' हे गृहीतक रिजेक्ट की नॉट रिजेक्ट ते लिहिता येतं, पण कुणी विचारलं की बाई हा पी ०.०३ आला म्हणजे नक्की काय झालं, की माझं ततपप सुरू. व्हिडिओ बघायला बसले तर एक सर म्हणतात आधी प्रोबॅबिलिटी पक्की करा, दुसऱ्या मॅडम म्हणतात थिअरी सोडा सरळ एसपीएसएस (स्टॅटचं सॉफ्टवेअर) उघडा, आणि ते 'कुठली टेस्ट कधी लावायची' वाले बाणांचे तक्ते असतात ना, त्यांचा तर फोनमध्ये ढीग झालाय, प्रत्येकात उत्तर वेगळं.

तर विचारायचं हे की कुठल्या क्रमाने शिकू, गणित किती लागेल, आणि सॉफ्टवेअर कुठलं धरू? आर (कोड लिहून चालवायचं स्टॅटचं सॉफ्टवेअर) शिकाच असं सगळे म्हणतात पण कोडिंग बघितलं की घाम फुटतो.

आकडेमोड्या

पहिलं काम, ते तक्ते डिलीट कर. खरंच सांगतो. त्या तक्त्यांमुळे असं वाटायला लागतं की स्टॅटिस्टिक्स म्हणजे पन्नास वेगवेगळ्या टेस्टांची यादी आहे आणि आपलं काम योग्य नाव शोधणं. तसं नाहीये. टी-टेस्ट, अ‍ॅनोव्हा (दोन किंवा जास्त ग्रुपच्या सरासरींची तुलना), रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज देणारी रेषा) ही सगळी एकाच घरातली आहेत, सगळी लिनियर मॉडेलच, म्हणजे मुळात सरळ रेषेचं समीकरण. दोन ग्रुपचा नेहमीचा टी-टेस्ट चालव, मग त्याच डेटावर अ‍ॅनोव्हा चालव, टी-टेस्टच्या टी चा वर्ग केलास की बरोब्बर दुसऱ्याचा एफ येतो, आणि ग्रुपला ० आणि १ असं कोड करून रिग्रेशन चालवलंस तरी पी तोच. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की निम्मी भीती तिथेच संपते.

क्रम विचारतेस तर माझ्या मते आधी व्हेरिएशन समजून घे, म्हणजे माणसं एकमेकांपासून किती वेगळी आहेत ते, त्यासाठी एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन). मग सॅम्पलिंग, म्हणजे तोच अभ्यास परत केला असता तर आकडा किती हलला असता, त्यासाठी स्टँडर्ड एरर. या दोन गोष्टींमधला फरक ज्याला पक्का कळला त्याला पुढचं सगळं कळतं, आणि ज्याला नाही कळला तो पीएचडी होऊनही टेबलं कॉपी करत बसतो (असे बघितलेत, नावं घेत नाही). त्यानंतर कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा), मग कोरिलेशन (दोन गोष्टी किती एकत्र हलतात ते, उणे १ ते अधिक १) आणि रिग्रेशन, आणि पी-व्हॅल्यू त्या सगळ्याच्या नंतर. कॉलेजात नेमकं उलटं शिकवतात.

गणित दहावीचं पुरतं. वर्ग, वर्गमूळ, सरासरी, सरळ रेषेचं समीकरण. बाकीचं कॉम्प्युटर करतो.

कॉन्फिडन्स इंटरव्हल आधी का म्हणतोय ते तुझ्याच विषयावर बघ. समज ३० जणांचा डेटा घेतला आणि कोरिलेशन ०.३० आलं. ९५ टक्क्यांचा इंटरव्हल काढलास तर तो साधारण उणे ०.०७ ते अधिक ०.६० असा येतो. म्हणजे काहीच संबंध नाही इथपासून दणदणीत संबंध आहे इथपर्यंत काहीही असू शकतं! तेच ०.३० जर १०० जणांवर आलं तर इंटरव्हल ०.११ ते ०.४७. आकडा तोच, पण पहिल्यात तुला जवळजवळ काहीच माहिती नाही आणि दुसऱ्यात निदान दिशा तरी कळली. नुसता पी बघणाऱ्याला पहिल्या केसमध्ये 'संबंध नाही' असं वाटतं आणि तो तसं थिसिसमध्ये लिहूनही टाकतो, जे साफ चूक आहे. संबंध दिसला नाही एवढंच म्हणता येतं.

जुनं_खोड

वरच्यांचं बरंचसं पटलं पण एक वेगळं मत मांडतो. कॉम्प्युटर सगळं करतो हे खरं असलं तरी एकदा, निदान एकदा, दहा माणसांचा डेटा घेऊन एसडी आणि कोरिलेशन कागदावर हाताने काढावं. प्रत्येक माणसाचं सरासरीपासूनचं अंतर, झोपेतलं आणि धास्तीतलं, दोन्ही शेजारी शेजारी लिहायची, गुणाकार करायचा. ज्याची झोप सरासरीपेक्षा वाईट आणि धास्तीही सरासरीपेक्षा जास्त त्याचा गुणाकार अधिक येतो, एक वर एक खाली असेल तर उणे. त्या बेरजेत कोण किती ओढतंय ते दिसतं, आणि एकच विक्षिप्त माणूस अख्खं कोरिलेशन कसं फिरवतो तेही दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये ते कधीच दिसत नाही, तिथे नुसता एक आकडा टपकतो.

आणि स्कॅटरप्लॉट (प्रत्येक माणसाचा एक बिंदू टाकलेलं चित्र) काढल्याशिवाय कोरिलेशनकडे बघायचंसुद्धा नाही. संख्याशास्त्रज्ञ अँस्कम यांनी १९७३ मध्ये चार छोटे डेटासेट छापले होते, चारींची सरासरी सारखी, कोरिलेशन सारखंच ०.८२ च्या आसपास, रिग्रेशनची रेषाही तीच, आणि चित्र काढलं तर एकात नीट रेषा, एकात कमान, एकात एक बिंदू बाहेर पडलेला आणि एकात तर सगळे एका उभ्या रेषेत उभे आणि एकटा कुठेतरी लांब.

आर वगैरे आत्ता नको. जास्प किंवा जमोवी घे, दोन्ही फुकट आहेत, माउसने चालतात आणि एसपीएसएससारखीच दिसतात.

झोपाळू_संशोधक

बापरे, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार दोघांचेही! जास्प डाउनलोड केलं, उघडलंही, घाबरायला झालं नाही म्हणजे प्रगतीच म्हणायची.

आता खरी गोची सांगते जी आधी लिहायला संकोच वाटत होता. आमच्या गाईड सरांनी सांगितलंय की झोपेच्या स्कोअरचा मीडियन (बरोबर मधला स्कोअर) काढ, त्याच्या वरचे 'वाईट झोप' आणि खालचे 'चांगली झोप' असे दोन ग्रुप कर आणि धास्तीवर टी-टेस्ट लाव, म्हणजे 'सोपं पडेल आणि टेबल छान दिसेल'. मागच्या बॅचच्या थिसिसमध्येही असंच केलंय. मला काहीतरी खटकतंय पण काय ते शब्दांत सांगता येत नाहीये. हे बरोबर आहे का? आणि नसेल तर सरांना सांगायचं कसं, वाद घालायची माझी ताकद नाही.

रातकिडा

अगं तुला खटकलं ना, बरोबरच खटकलं. याला मीडियन स्प्लिट म्हणतात आणि मानसशास्त्रात ही जुनी खोड आहे, अ‍ॅनोव्हा हाताने करायच्या काळात त्याला काही अर्थ तरी होता, आता अजिबात नाही.

काय होतं बघ. समज तुझ्या सॅम्पलचा मीडियन ६.५ आला. आता ६ वाली मुलगी 'चांगली झोप' मध्ये आणि ७ वाली 'वाईट झोप' मध्ये, जणू दोघी दोन वेगळ्या जातकुळीच्या. आणि ७ वाली आणि १८ वाली, जिला रात्र रात्र डोळा लागत नाही, त्या मात्र एकाच टोपलीत, सारख्याच समजायच्या. तू एवढे प्रश्न विचारून ० ते २१ असा बारीक स्कोअर मिळवलास आणि मग स्वतःच त्यातली बहुतेक माहिती फेकून दिलीस.

किती फेकलीस तेही सांगता येतं. स्कोअर साधारण नॉर्मल (घंटेच्या आकारात पसरलेले) असतील तर मीडियनवर तोडल्यावर कोरिलेशन सुमारे ०.८ पट होतं, म्हणजे खरं ०.३० असेल तर तुला ०.२४ च्या आसपास दिसणार. सॅम्पलच्या भाषेत बोलायचं तर १०० जणांकडून फॉर्म भरून घेतले आणि त्यातले ३६ फाडून टाकले असा हा प्रकार आहे. लोकांना विनवण्या करून फॉर्म भरून घेतलेत ना, मग?

दुसरी गंमत म्हणजे मीडियन तुझ्या सॅम्पलवर ठरतो. दुसऱ्या कुणी दुसऱ्या कॉलेजात तोच अभ्यास केला आणि तिचा मीडियन ९ आला तर तिची 'चांगली झोप' ही तुझी 'वाईट झोप' असेल. मग दोन थिसिसची तुलना काय कपाळ करणार? त्या स्केलला ५ चा एक कटऑफ आहे, ५ च्या वर म्हणजे झोप वाईट, तो निदान कशावर तरी आधारलेला आहे, पण तुझा प्रश्न संबंधाचा आहे तर तोही कशाला, सरळ कोरिलेशन किंवा रिग्रेशन कर.

सरांशी वाद घालूच नकोस. दोन्ही अ‍ॅनालिसिस कर, रिग्रेशन मुख्य म्हणून आणि सरांची टी-टेस्ट त्याच्या शेजारी, आणि सोबत स्कॅटरप्लॉट घेऊन जा ज्यावर मीडियनची उभी रेघ मारलेली आहे. म्हण, 'सर, या रेघेच्या अगदी लगत एवढी माणसं आहेत, यांचं काय करू?' प्रश्न विचारलेला चालतो, शिकवलेलं चालत नाही. बहुतेक गाईड चित्र बघून मान डोलावतात. नाहीच डोलावली तर दोन्ही छाप, निदान वाचणाऱ्याला खरं काय ते दिसेल. फक्त एक, दोन्ही करून त्यातलं ज्याचा पी छान आला तेवढंच दाखवायचं असं करू नकोस, ते वेगळंच पाप आहे.

आकडेमोड्या

@रातकिडा +१, आणि त्या शेवटच्या पापाबद्दलच लिहायला परत आलो.

पी-व्हॅल्यू म्हणजे काय हे पहिल्या पोस्टमध्ये विचारलं होतंस. संबंध खरोखर शून्य असता आणि बाकीची गृहीतकं बरोबर असती तर तुला आलाय तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल किती वेळा आला असता, एवढंच. 'माझी हायपोथिसिस बरोबर असायची शक्यता ९७ टक्के' असा त्याचा अर्थ होत नाही, आणि 'निकाल योगायोगाने आला असायची शक्यता ३ टक्के' असाही होत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ साली यावर वेगळं निवेदन काढावं लागलं, म्हणजे गोंधळ फक्त एमएच्या मुलांचा नाही.

पण व्याख्या वाचून हे डोक्यात बसत नाही. एक खेळ कर, त्यासाठी थोडं आर लागेल पण तीन-चार ओळींचंच. कॉम्प्युटरला सांग की एकाच लोकसंख्येतून ३० आणि ३० माणसांचे दोन ग्रुप काढ, म्हणजे फरक मुळात नाहीच, टी-टेस्ट कर, पी लिहून ठेव. हे हजार वेळा करायला लाव. साधारण ५० वेळा पी ०.०५ च्या खाली येईल, काहीही नसताना! मग दोन ग्रुपमध्ये खरा फरक घाल, मध्यम, म्हणजे अर्ध्या एसडीएवढा, कोहेनच्या डी मध्ये ०.५. आता बघ किती वेळा सापडतो. निम्म्याहूनही थोडा कमी वेळा. फरक खरा आहे, तू स्वतःच्या हाताने घातलायस, तरी ३०-३० च्या अभ्यासात नाणं उडवल्यासारखी अवस्था. खरा फरक किती वेळा सापडतो, याला पॉवर म्हणतात. ८० टक्के पॉवर हवी तर दर ग्रुपला ६४ माणसं लागतात. आणि फरक लहान असेल, ०.२ चा, तर जवळपास ४००, दर ग्रुपला. जेकब कोहेन यांनी १९६२ मध्येच दाखवून दिलं होतं की मानसशास्त्रातल्या छापील अभ्यासांची पॉवर फार तोकडी असते, लोकांनी वाचलं आणि पुढची पन्नास वर्षं तेच केलं.

मग २०१५ मध्ये शंभर छापील अभ्यास परत करून बघितले गेले. मूळ पेपरांत ९७ टक्के निकाल सिग्निफिकंट (म्हणजे पी ०.०५ च्या खाली) होते, परत केल्यावर ३६ टक्के उरले. सगळीकडे लबाडी झाली होती असं नाही. छोटी सॅम्पल्स, त्यात भर म्हणजे चार तऱ्हेने अ‍ॅनालिसिस करून बरा दिसेल तो छापायचा. २०११ मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन यांनी हिशोब मांडला होता की दोन मापं घ्यायची आणि जमेल ते दाखवायचं, पी नाही आला तर आणखी थोडी माणसं घ्यायची, जेंडर घालून बघायचं, एखादा ग्रुप गाळायचा, अशा चार निरुपद्रवी दिसणाऱ्या सवलती एकत्र घेतल्या तर खोटा पॉझिटिव्ह निकाल यायची शक्यता ५ वरून ६० टक्क्यांच्या वर जाते. म्हणून डेटा उघडायच्या आधी काय करणार ते तारीख घालून लिहून ठेव आणि सरांना मेल करून टाक. एवढं केलंस तरी पुष्कळ.

कोपऱ्यातला_बाक

सगळे टेस्टांवरच बोलतायत म्हणून हे. निम्मा वेळ डेटा साफ करण्यात जातो आणि ते कोणी शिकवत नाही.

धास्तीच्या स्केलमध्ये उलटे आयटम आहेत का ते मॅन्युअलमध्ये बघ. 'परीक्षेत मला निवांत वाटतं' असा प्रश्न असेल तर त्याचा ४ म्हणजे धास्ती कमी. १ ते ४ ची स्केल असल्यामुळे उत्तर ५ मधून वजा करायचं, म्हणजे ४ चा १ होतो. हे राहिलं की क्रोनबॅक अल्फा (स्केलचे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते माप) घसरतो आणि लोक स्केललाच शिव्या देतात. जास्पमध्ये प्रत्येक आयटमचं बाकीच्यांशी कोरिलेशन दाखवायची सोय आहे, एखादं उणे दिसलं तर आधी हेच तपास.

मिनिमम मॅक्सिमम बघ. १ ते ४ च्या कॉलममध्ये ४४ सापडतोच सापडतो.

अजून एक भारी गोष्ट, ग्रिम नावाची तपासणी. उत्तरं पूर्णांकात असतील तर सरासरी वाट्टेल ती येऊ शकत नाही. २८ माणसांनी १ ते ७ मध्ये उत्तरं दिली आणि पेपरात सरासरी ५.१९ छापलीय, तर १४५ भागिले २८ होतात ५.१८ आणि १४६ भागिले २८ होतात ५.२१, मधलं काही येऊच शकत नाही. म्हणजे एक तर आकडा चुकीचा टाइप झालाय किंवा माणसं २८ नव्हती. कॅल्क्युलेटर पुरतो. दुसऱ्यांचे पेपर वाचताना करून बघ, सरासरीकडे बघायची नजरच बदलते.

झोपाळू_संशोधक

४४ सापडला 😭 दोन ठिकाणी. उलटा आयटमही होता, पहिलाच.

सरांकडे ते रेघवालं चित्र घेऊन गेले होते. थोडा वेळ बघत बसले, मग म्हणाले 'बरं, रिग्रेशन कर, पण टी-टेस्टचं टेबल अपेंडिक्सला टाक'. रातकिडा, तुमचे कसे आभार मानू कळत नाही.

आता शेवटचे दोन. माझ्याकडे सध्या ७२ फॉर्म आलेत, पुरतील का? आणि वर्गातल्या मैत्रिणी म्हणतायत आधी नॉर्मॅलिटी टेस्ट कर, फेल झाली तर नॉन-पॅरामेट्रिक (स्कोअर नॉर्मल आहेत असं न धरणाऱ्या टेस्ट). झोपेच्या स्कोअरवर शपिरो-विल्क ही नॉर्मॅलिटी टेस्ट फेल आलीय, मग आता?

रातकिडा

वा, अपेंडिक्स म्हणजे तह झाला!

कोरिलेशन ०.३० धरून ८० टक्के पॉवर हवी तर साधारण ८५ लागतात, ०.२० धरलं तर १९० च्या वर. जीपॉवर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात स्वतः टाकून बघ. (त्या मीडियन स्प्लिटने गेली असतीस तर ८५ च्या जागी १३० च्या वर लागले असते, सरांना हेही सांगता येईल.) ७२ वर थांबायचं की पुढे जायचं हे आत्ता ठरव, डेटाचा पी बघायच्या आधी. बघून मग 'अजून थोडे घेऊ' असं केलंस तर आकडेमोड्यांनी लिहिलेल्या सवलतींतली दुसरी सवलत घेतलीस. वेळ असेल तर १०० चं टार्गेट लाव. नसेल तर ७२ वर थांब, इंटरव्हल छाप आणि सॅम्पल लहान आहे हे स्पष्ट लिही, त्यात लाज कसली.

नॉर्मॅलिटीचं म्हणशील तर झोपेचा स्कोअर नॉर्मल असायला हवा अशी रिग्रेशनची अटच नाही. अट आहे ती रेसिड्युअल्सची, म्हणजे रेषेने सांगितलेला धास्तीचा स्कोअर आणि खरा स्कोअर यातलं जे अंतर उरतं त्याची. जास्पमध्ये रेसिड्युअलचे प्लॉट येतात, ते डोळ्यांनी बघ, वाकडी कमान किंवा कर्ण्यासारखं फाकत गेलेलं चित्र दिसलं तर इथे टाक, बघू. शपिरोच्या भरवशावर राहू नकोस, छोट्या सॅम्पलमध्ये तिला मोठा बिघाड दिसत नाही आणि मोठ्या सॅम्पलमध्ये ती क्षुल्लक गोष्टीवर बोंब मारते. स्पिअरमनचं (स्कोअरऐवजी त्यांच्या क्रमांकांवर काढलेलं) कोरिलेशनही काढून शेजारी ठेव, दोन्ही जवळपास सारखे आले तर चिंता नको, फारच वेगळे आले तर स्कॅटरप्लॉटमध्ये कोण बाहेर पडलंय ते शोध.

जुनं_खोड

आणि निष्कर्षात 'वाईट झोपेमुळे धास्ती वाढते' असं लिहू नकोस गं. धास्तीमुळेही झोप उडते, आणि परीक्षा तोंडावर असली की दोन्ही एकदम बिघडतात. फॉर्म कधी भरून घेतलेस, परीक्षेच्या किती आधी, ते प्रत्येक फॉर्मवर नोंदवलंयस का? असेल तर तो कॉलम रिग्रेशनमध्ये घाल.

झोपाळू_संशोधक

तारीख आहे सगळ्यांवर! परीक्षेचं वेळापत्रक ऑफिसातून आणते, कॉलम करते आणि रेसिड्युअलचा प्लॉट टाकते इथेच.